कडू कोंबासाठी पवनीला

कमळाची ओली बी सोलून तिचे दोन भाग केले की मधोमध एक हिरवा कोंब सापडतो. बी गोड, आणि कोंब मात्र कारल्याला लाजवील असा कडू. म्हणून खाणारे तो नखाने काढून फेकून देतात. त्या फेकलेल्या कोंबांसाठी मी दिवाळीच्या पाठोपाठ पुण्याहून भंडारा जिल्ह्यात गेले. सासूबाई म्हणाल्या, "लोक दिवाळीत माहेरी जातात, तू तलावात जातेस."

पण मी इतकी हरखलेली होते की मला सगळी थट्टा गोड लागत होती. आमच्या प्रयोगशाळेचं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅन्सरच्या रुग्णाला केमो देतात. केमो गाठ मारते, पण बाईच्या अंडाशयालाही सोडत नाही. बाई जन्माला येतानाच तिच्या वाट्याची सगळी बीजं घेऊन येते, नवी तयार होत नाहीत. केमोने ती भराभर संपतात, आणि तिशीच्या आतली मुलगी बरी होऊन घरी जाते तेव्हा कधी कधी तिची पाळी कायमची गेलेली असते. झाडपाल्यातली काही द्रव्यं ही हानी कमी करतात का, हे आम्ही उंदरींवर पाहतो. हळदीतलं पाहिलं, द्राक्षाच्या सालीतलं पाहिलं. मग कमळाच्या कोंबाचा अर्क दिला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या उंदरींच्या अंडाशयाचा काप पाहताना मी खुर्चीवरून उठलेच. बीजं होती. सगळी नव्हती, पण होती.

बाजारातल्या वाळक्या बियांवर काम भागत नव्हतं. ताज्या बीतून काढून लगेच सावलीत वाळवलेला कोंब हवा होता. माझा सहकारी हर्षल मूळचा पवनीकडचा. तो म्हणाला, माझ्या मामाच्या गावचा तलाव कमळांनी भरलेला असतो, जा तिकडे. त्या गावाचं नाव मी इथे सांगणार नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेल.

भंडाऱ्याहून खाली

हर्षलचे मामा गुणवंतराव मला घ्यायला भंडाऱ्याला आले होते. सहा फुटी, शांत गृहस्थ, धानाची शेती आणि गावात मान. गाडी त्यांनी पवनीच्या रस्त्याला न घालता आधी उलट दिशेला, कारध्याच्या पुलावर नेली. वैनगंगा पाहिल्याशिवाय पाहुण्याला आत नेत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. पुलावरून पाणी पाहिलं. आमच्या मुठेला नदी म्हणायचं असेल तर या पाण्याला वेगळा शब्द शोधावा लागेल.

मग खाली पवनीकडे. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडलेलं, काही बांध्यांत कापून आडवं टाकलेलं. बांधी म्हणजे बांधाने वेढलेला धानाचा तुकडा, हे मला मामांनी शिकवलं. एका वळणावर असा वास आला की मी काच खाली केली. भात शिजताना येतो तो वास, पण उभ्या शेतातून. "चिन्नोर," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडे हसले. पवनीत जुन्या दरवाजातून आत जाऊन चहा घेतला. या गावच्या मातीखाली दोन हजार वर्षांहून जुने बौद्ध स्तूप निघाले आहेत, आणि त्याच मातीवर हातगाडीवाला गरम भजी तळत होता. मी दोन्हींना सारखाच मान दिला.

घरी यमुनामामी दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, चपळ, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. त्यांच्या मागे त्यांची मुलगी ममता. वय तेवीस-चोवीस, जवळच्या पुनर्वसित गावातल्या शाळेत कंत्राटी शिक्षिका. तिने मला पाणी दिलं ते डाव्या हाताने. पुण्यात हे कुणी पाहिलंही नसतं, पण मामी त्या हाताकडे पाहून चटकन दुसरीकडे पाहायला लागल्या. मला वाटलं, पोरगी डावरी असेल.

जेवायला वांगी घातलेले सुके झिंगे, म्हणजे आमची सुकट, होते आणि चिन्नोरचा भात. आम्ही भाताला वरणाची सोबत देतो, इथे वाटीभर कालवणासाठी भाताचा डोंगर रचतात. मी तो डोंगर पार केला. मामी खूश झाल्या आणि दुसरा वाढला.

तलावात

तलाव गावाच्या डोक्यावर आहे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढलं की एका बाजूला खाली गाव नि धान, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी कुठलं, पानंच पानं. फुलं सरत आली होती, आणि त्यांच्या जागी शॉवरच्या चाळणीसारखी बोंडं माना टाकून उभी होती. मी पाळीवर उभी राहून अक्षरशः टाळ्या वाजवल्या. शिंगाडे काढणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

डोंगा म्हणजे लाकडाची अरुंद होडी. ती चालवणाऱ्या दादांनी बजावलं होतं की बोंड वाकून तोडायचं नाही, देठ आपल्याकडे ओढायचा. मी पहिलंच बोंड वाकून तोडलं. पुढचं मला आठवतं ते असं की कमरेपर्यंत थंडगार चिखल होता आणि दंडाला कमळाच्या देठाचे काटे. हो, कमळाला काटे असतात. आयुष्यभर चित्रात बघितलेल्या फुलाने मला पहिल्या भेटीत ओरबाडलं. मी चिखलातूनही ते बोंड वर धरलं होतं. पाळीवरच्या बायका इतक्या हसल्या की एकीची शिंगाड्याची टोपली कलंडली.

ममताही पाळीवर आली होती. डोंग्यात ये म्हटलं तर नाही म्हणाली. बोंडांची जड टोपली उचलायला हात लाव म्हटलं तर तिने डावा हात लावला आणि मग तोही काढून घेतला. मनात आलं, शिकलेल्या पोरींना चिखलाची लाज वाटते. हा माझा स्वभाव. अंदाज बांधायला मला वेळ लागत नाही.

दुपारी अंगणात बोंडांचा ढीग पडला आणि आळीतल्या बायका जमल्या. कामाची वाटणी आपोआप झाली. बी खायची त्यांनी, कोंब द्यायचा मला. पांढऱ्या बिया तोंडात जात होत्या, हिरवे कोंब माझ्या ताटात पडत होते. एक आजी म्हणाल्या की आजवर आम्ही चांगलं खाल्लं आणि वाईट टाकलं, तुम्ही पहिल्याच की जी वाईट गोळा करायला गाडीभाडं भरून आली. संध्याकाळपर्यंत ताट भरलं. ते सावलीत, पातळ कापडाखाली वाळत ठेवलं. रात्री मी हर्षलला फोन करून इतकं बोलले की तोच म्हणाला, आता झोप.

मंडई

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई भरते. आपली जत्रा देवासाठी असते, मंडई सोयऱ्यांसाठी. ज्या गावची मंडई, त्या गावात सगळ्या पाहुण्यांनी यायचं, आमंत्रण लागत नाही. प्रत्येक घरात चूल पेटलेली. बाहेर पाळणे, जिलबी, बांगड्या, एका बाजूला दंडार म्हणजे ढोलकीवरचं नाटक. आणि घराघरात, पानसुपारी चघळत, सोयरिकी. कुणाची मुलगी लग्नाची, कुणाचा मुलगा कुठे लागला, सगळा हिशोब मंडईत होतो. मामींकडे चुलीवर कढी उकळत होती आणि तिच्यात डाळीचे गोळे सोडण्याचं काम मला दिलं होतं. निम्मे फुटले. मामींनी ती फुटकी कढी मला न कळता मागे ठेवली आणि नवी टाकली.

दुपारच्या जेवणानंतर बायकांनी मला घेरलं. कोंबांचं काय करता? मला विचारायचाच अवकाश होता. पण अंडाशय, बीजकोष असे शब्द वापरले आणि चार बायकांचे चेहरे कोरे राहिले, तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यातल्या बांबूच्या कोठीकडे गेलं. तिला ते ढोली म्हणतात, त्यात पुढच्या वर्षाचं बियाणं असतं.

मी म्हटलं, समजा या ढोलीत पाणी शिरलं. बियाणं काय करील? एकदम उगवेल. पेरणीच्या वेळी हातात काही उरणार नाही. बाईच्या पोटातही अशी ढोली असते, बीजं झोपलेली असतात, महिन्याला थोडी जागी होतात. केमोचं औषध गेलं की काही तिथेच मरतात, आणि उरलेली दचकून एकदम जागी होतात नि संपून जातात. हा कोंब ढोलीवर झाकण घालतो असं आम्हाला दिसतंय. मी उंदरींचं म्हटलं होतं. नक्की म्हटलं होतं. पण ढोलीचं उदाहरण इतकं फक्कड जमलं की उंदरी कुणाच्या लक्षातच राहिल्या नाहीत.

दिवस मावळायच्या आत मंडईभर झालं की गुणवंतरावांकडे पुण्याची म्याडम आली आहे आणि तिच्याकडे कूस वाचवायची दवाई आहे. बांगड्यांच्या दुकानापाशी एका बाईने माझा हात धरला, तिच्या सुनेला चार वर्षं मूल नव्हतं. जिलबीवाल्यापाशी दुसरी भेटली. मी प्रत्येकीला सांगत सुटले की अहो नाही, हे औषध नाही, अजून फक्त उंदीर. त्या समजुतीने मान हलवायच्या, जणू मी भाव खाते आहे. मला हसू येत होतं आणि घामही फुटला होता.

ममताकडे त्या दिवशी दोन घरचे पाहुणे येऊन गेले. ती आत चहा करत बसली, बाहेर आलीच नाही. मामी म्हणाल्या, तिचं डोकं दुखतंय.

मामींचा काढा

सकाळी ताटावरचं कापड उचललं तर कोंब अर्धे. मांजराने नेले म्हणावं तर मांजर इतकं कडू खाईल? मी चौकशीला स्वयंपाकघरात गेले. मामी पातेल्यातून हिरवट काळं पाणी गाळत होत्या, आणि ममताने नाक दाबून स्टीलचा ग्लास ओठाला लावला होता.

"थांब!" मी ओरडले. ग्लास तिच्या हातून पडला नाही. तिने तो शांतपणे खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं.

मामी म्हणाल्या, "मले वाटलं तुमी मंग देनारच हा, बाई. म्हून इचारलं नाही. तिच्या छातीची गाठ काढली नागपुरात. आता केमो सांगतली हाये."

मी तिथेच पाटावर बसले. डावा हात, डोंग्यात न येणं, टोपली न उचलणं. उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेली पोरगी, तिचा तो हात अजून नीट उचलत नव्हता, आणि मी तिला चिखलाची लाज वाटते असं ठरवून मोकळी झाले होते. जखम भरली होती. केमो सुरू करायला डॉक्टरांनी जी मुदत दिली होती तिच्यातली अगदी शेवटची तारीख यांनी मागून घेतली होती. कारण एकच, मंडई. मंडईत पोरगी घरात दिसली नाही तर सोयरे विचारतील, आणि डोक्यावर केस नसतील तर विचारायचीही गरज उरणार नाही. आजार घराबाहेर कुणाला माहीत नव्हता.

मला राग आला. मंडईसाठी केमो लांबवतात? पण मामींच्या हातात अजून गाळणं होतं, आणि त्या गाळण्यात माझे कोंब होते, माझ्या शब्दावर उकळलेले. मी राग गिळला आणि समजावायला बसले. खरं सांगते, आयुष्यात इतकं जड वाक्य मी बोलले नव्हते. मामी, म्हटलं, जे औषध केमोपासून अंडाशयाला वाचवतं, ते केमोपासून गाठीलाही वाचवत असलं तर? आम्ही अजून ते पाहिलेलं नाही.

मामींना ते पटायला वेळ लागला. ममताला लागला नाही.

"म्हंजे ते आपलं-परकं वयखत नाही," ती म्हणाली, आणि उठून ग्लासातला काढा मोरीत ओतला.

गोसीखुर्दच्या काठाने

त्या दिवशी ममताने मला तिची शाळा दाखवायला नेलं. स्कूटर मी चालवली, ती मागे. शाळा ज्या गावात आहे ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि वर माळावर नव्याने वसवलं. गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ. ममता म्हणाली की म्हातारे अजून सरळ गल्लीत हरवतात, त्यांना वळणं लागतात. शाळेला सुट्टी होती, पण पोरांनी तिला लांबून ओळखलं आणि स्कूटरच्या मागे धावत आली. ती प्रत्येकाचं नाव घेऊन दिवाळीचा अभ्यास विचारत होती, आणि पोरं आल्या वेगाने पळत होती.

मग पुढे धरणाच्या पाण्यापाशी बसलो. पाणी इतकं रुंद की पलीकडचा काठ फक्त एक रेघ. मासेमारांची जाळी वाळत होती. आम्ही येताना उकडलेले शिंगाडे घेतले होते, ते सोलत होतो. मी तिच्यासाठी सोलत होते, ती खात होती.

तिने विचारलं, "ताई, तुमच्या त्या उंदरीले पिल्लं झाले का?"

झाली होती. सगळ्यांना नाही, पण काहींना झाली होती, आणि ज्या दिवशी झाली त्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत पेढे वाटले होते. मी ते तिला सांगितलं. खोटं कसं बोलणार?

"उंदरीले होते, मंग मले काहून नाही?"

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. वर्गात गणित चुकलेल्या मुलाला विचारावं तसं तिने विचारलं. मी म्हटलं, कारण उंदरीचं उद्या काही बिघडलं तर आम्ही दुसरी आणतो. तू एकच आहेस.

मग मी तिला जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. केमोच्या आधी बीजं काढून गोठवून ठेवता येतात, हे नागपुरात कुणी बोललं नाही का?

बोललं होतं. तिथल्या एका डॉक्टरबाईंनी, शस्त्रक्रियेनंतर. ममता अर्ध्या ग्लानीत पडून होती आणि बाबा बाजूला उभे होते. पुढे मूलबाळ हवं असेल तर त्याचा विचार आत्ताच करायला हवा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि बाबा म्हणाले होते, तिचं लगन नाही झालं, म्याडम. एवढंच. त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न चुकून आपल्याकडे आला होता. कुंवार पोरीच्या बापाला कुणी तिच्या मुलांबद्दल विचारतं का? डॉक्टरबाई बहुधा समजल्या की यांना नको आहे, आणि बोलणं तिथेच मिटलं. ममताने ऐकलं होतं सगळं. पण ती तरी आपण होऊन काय म्हणणार?

मी शिंगाडा खाली टाकला आणि फोन काढला. माझी होस्टेलमधली मैत्रीण शिल्पा नागपुरात याच कामात आहे, वंध्यत्वाची डॉक्टर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, केमोची तारीख कधी? मी सांगितली. तिने दिवस मोजले आणि म्हणाली, "अगं मग दोन आठवडे आहेत की! घट्ट बसेल, पण बसेल. तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी मी आज बोलते. ते हो म्हणाले तर उद्या आण तिला."

म्हणजे ज्या मंडईवर मी सकाळी दात खात होते, त्याच मंडईने हे दिवस शिल्लक ठेवले होते. मी उठून ममताला मिठी मारायला गेले, ती म्हणाली, उजवीकडून नको, दुखते. मग डावीकडून मारली. जाळी वाळवणारा माणूस आमच्याकडे बघत राहिला.

ओसरीवर

शिल्पाचा फोन संध्याकाळी आला. कॅन्सरच्या डॉक्टरांनी होकार दिला होता, तारीख मात्र एक दिवसही पुढे जाणार नाही म्हणून बजावलं होतं. आता उरले होते मामा.

ते ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं. रोज सुई घ्यायची, बीजं थोडी पिकली की भूल देऊन काढायची, गोठवायची, वर्षानुवर्षं राहतात. नक्की मूल होईलच असं कुणी लिहून देत नाही, हेही सांगितलं. आदल्या दिवशीच्या अतिउत्साहाने मला शहाणं केलं होतं. मामांनी मान वर केली नाही. खर्च विचारला, ऐकून घेतला. मग हळूच म्हणाले की कुंवार पोरीची असली गोष्ट बाहेर गेली तर तिला कोण करील? आधीच एक लपवतो आहोत, आता दोन लपवायच्या?

मी वाद घालायला तोंड उघडलं, पण मामी आतून पदराला हात पुसत आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. इतके दिवस सतत बोलणारी ती बाई मोजकं बोलली.

"बियानं जपून ठेवाले लगन कायले लागते? पानी तं उद्या येनार हाये ढोलीत."

अडकित्ता थांबला. ममता दाराआड उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. आत मामींच्या चुलीवर भात करपायला लागल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

शेवटी मामा उठले आणि ममतालाच विचारलं, "तुले पायजे का, बाई?"

घरात हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला गेला होता. ती म्हणाली, "हो, बाबा. मले पायजे." मग मामांनी मला विचारलं की सकाळी किती वाजता निघायचं.

नागपूर

परतीचं तिकीट मी रद्द केलं. उरलेले कोंब घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मांडीवर घेतले, आणि आम्ही चौघं पहाटे निघालो. मामी वाटेत खायला एवढं घेऊन निघाल्या होत्या की शिल्पाच्या दवाखान्यातल्या स्वागतिकेलाही चिवडा मिळाला.

सोनोग्राफीच्या खोलीत ममताने मला आत बोलावलं आणि आईलाही. पडद्यावर आधी नुसतं करडं धुकं. मग शिल्पाने यंत्र थोडं तिरकं केलं आणि एका करड्या गोल आकारात काळे ठिपके दिसले, ओल्या भाकरीला बोटं उमटावीत तसे. शिल्पा म्हणाली, छान आहेत, भरपूर आहेत, काळजी नको.

मी वर्षानुवर्षं अंडाशयं पाहिली आहेत. मेलेल्या उंदरींची, काचपट्टीवर पसरलेली, जांभळ्या रंगात रंगवलेली. त्यावर मी तासन्‌तास बोलू शकते. पण जिवंत बाईचं, श्वासाबरोबर हलणारं अंडाशय, आणि ज्या बाईचं आहे ती तिथेच पडून मान वळवून बघते आहे, हे मी पहिल्यांदा पाहत होते. मला रडू आलं. मी लपवलं नाही.

मामींनी पडद्याजवळ जाऊन विचारलं, यातलं कुठलं. शिल्पाने ठिपके बोटाने दाखवले. मामींनी प्रत्येक ठिपका नीट पाहिला आणि हात जोडले, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

कपडे सावरून ममता बाहेर आली. मामा बाकावर बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बाबा, पुढच्या साली मंडईले मले पाहाले कोनी आले, तं हे सारं त्यायले आधीच सांगजा. गाठ बी, अन् हे बी. लपवू नका." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस अजून होते.

त्या रात्रीच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट मला मिळालं. स्टेशनवर ममता सोडायला आली. मी तिला म्हटलं की आता कोंबांवर कामाला लागते. ती म्हणाली, आधी गाठीवर बघा, मग आमच्यावर. परत आल्यावर पहिला प्रयोग मी तोच लावला. आम्ही तो इतके दिवस मागे ठेवत आलो होतो, कारण त्याचं उत्तर वाईट निघालं असतं तर सगळा आनंद गेला असता. काचेच्या बशीत गाठीच्या पेशी वाढवतो आहोत, उत्तर यायचं आहे. रोज सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं की मी आधी त्या बशीकडेच जाते.

दोन आठवडे संपता संपता तिचा फोन आला. मी हातमोजे काढून तो उचलला. बीजं काढली होती, गोठवली होती, तिला थोडं दुखत होतं आणि भूक लागली होती. उद्या पहिली केमो. मी विचारलं, भीती वाटते का गं?

"आता नाही," ती म्हणाली. "आता केमोले म्हना, कर तुले काय करायचं ते. आमी आमचं काढून ठेवलं."